आठ शनिवार, आठ प्रकारचे चित्रपट: घरात चौदापासून अठ्ठ्याहत्तरपर्यंत सगळे आहेत, काय लावू?

दुपारचा_चहा

नमस्कार मंडळी. पुढचे आठ शनिवार, रात्री नऊ ते साडेअकरा, दर वेळी वेगळ्या प्रकारचा एक चित्रपट असं घरात ठरलंय. बघणारे पाच: सासूबाई (७४), सासरे (७८), आम्ही दोघं आणि नववीतला मुलगा.

अटी: सव्वादोन तासांच्या वर नको. सासऱ्यांना इंग्रजी सबटायटल वाचता येतात पण सावकाश, सासूबाईंना मराठी-हिंदीच. मुलाला 'संथ' शब्द ऐकला तरी जांभई येते. आणि मुख्य म्हणजे पाचजण बसलेले असताना कुणाला अचानक पाणी आणायला उठावं लागू नये (कळलं ना?). टीव्ही ४३ इंची, वेगळा साउंडबार नाही.

हवे असलेले प्रकार: कोर्टकचेरी, रहस्य, भय, विनोद, राजकारण, संगीत, अ‍ॅनिमेशन, आणि एक काहीही. जुना-नवा, कुठल्याही भाषेतला चालेल. नुसतं 'मस्त आहे, बघाच' लिहू नका प्लीज. काय आवडलं, कुठे कंटाळा येऊ शकतो, कुणाला झेपणार नाही, ते लिहा.

रीळवाला

कोर्टकचेरीपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या सगळ्या अटी एका फटक्यात पुऱ्या करणारा चित्रपट तिथेच आहे. '१२ अँग्री मेन' (१९५७, सिडनी ल्युमेट), ९६ मिनिटं. सासूबाईंसाठी याच कथेवरचा बासू चटर्जींचा हिंदी 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) लावा, तो जवळजवळ दोन तासांचा आहे. वडिलांच्या खुनाचा आरोप असलेला एक मुलगा, बंद खोलीत बारा ज्युरी, पहिल्या मतदानात अकरा म्हणतात दोषी आणि एकटा म्हणतो थांबा, जरा बोलूया. बस्स, एवढंच. एक गाणं नाही, एक मारामारी नाही.

नववीतल्या मुलासाठी युक्ती: पाच चिठ्ठ्या करा. पहिलं मतदान झालं की पॉज करून प्रत्येकाने 'दोषी' किंवा 'निर्दोष' लिहून घडी घालायची. चाकूचा प्रसंग झाला की पुन्हा. म्हातारा साक्षीदार दारापर्यंत किती सेकंदांत पोचेल हे चालून मोजतात, त्यानंतर पुन्हा. तिसऱ्या वेळेपर्यंत मुलगा आजोबांशी वाद घालायला लागला नाही तर माझं नाव बदला.

दोन्हींतला फरक: मूळ चित्रपटात कॅमेरा पहिल्या तिसऱ्या हिश्शात डोळ्यांच्या उंचीच्या वर असतो, मधल्या भागात डोळ्यांसमोर, शेवटच्या भागात खाली. शिवाय लेन्स हळूहळू लांब पल्ल्याच्या होत जातात. त्यामुळे भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात, छत दिसायला लागतं, जीव गुदमरतो आणि तो का गुदमरतोय ते कळत नाही. हिंदीत हे इतकं नेमकं नाही, बैठक थोडी नाटकासारखी आहे. पण पंकज कपूर आणि अन्नू कपूर यांच्यासाठी मी हिंदीच्या बाजूने. अन्नू कपूर तेव्हा तिशीत, आणि त्यांनी ज्युरीतला सर्वांत म्हातारा केलाय. सासऱ्यांना हे आधी सांगू नका, संपल्यावर सांगा.

मूग_गिळून

कोर्ट म्हटलं की चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) आलाच पाहिजे. मराठी आहे, ११६ मिनिटं, व्हेनिसला पुरस्कार, राष्ट्रीय पुरस्कार, ऑस्करला भारताची प्रवेशिका. डोळे झाकून लावा.

शेवटची_रांग

@मूग_गिळून, डोळे झाकून लावला तर पंधराव्या मिनिटाला सगळ्यांचेच मिटतील. चित्रपट माझाही लाडका आहे, म्हणूनच सांगते, कसा बघायचा ते न सांगता घरच्यांसमोर ठेवू नका.

गोष्ट अशी: नारायण कांबळे नावाच्या लोकशाहिरावर आरोप आहे की त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात जीव दिला. खटला तारखांमागून तारखा घेत सरकतो. कॅमेरा एका जागी ठेवलेला असतो, माणसं चौकटीत येतात आणि जातात. आपल्याला सवय झालेली असते की महत्त्वाचं काय ते दिग्दर्शक जवळ जाऊन दाखवेल. इथे कुणी दाखवत नाही, आपण शोधायचं. म्हणून चौकटीच्या कडा बघा. मागच्या बाकावर डुलक्या काढणारे, आपला नंबर यायची वाट बघणारे, आणि ती बाई, जिची केस बिनबाह्यांचा ड्रेस घातला म्हणून पुढे ढकलली जाते. मुख्य खटल्याइतकंच हे आजूबाजूचं बोलतं.

सरकारी वकील (गीतांजली कुलकर्णी) कलमं सलग वाचत सुटते. तो लेखकाचा आळस नाही. माणसाच्या आयुष्याचा निर्णय या सुरात होतो हेच दाखवायचंय. पुढे तीच बाई लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, सगळ्यांना वाढते. वाईट माणूस शोधायला गेलात तर सापडत नाही, आणि हीच अडचण आहे.

सर्वांत महत्त्वाचं: शेवटाकडे कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे जातात, पडदा काळा होतो. तिथे चित्रपट संपलेला नाही. रिमोट हातातून काढून घ्या. त्यानंतरचा भाग बघितला नाही तर अर्धाच पाहिला असं समजा.

सबटायटलबद्दल: संवाद मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी असे मिसळलेले आहेत. बचाव पक्षाच्या वकिलाचं इंग्रजी आणि घरचं गुजराती सासूबाईंच्या कानावरून जाईल, पण गोष्ट अडत नाही.

आवाजबंद

चित्रपट कुठला ते नंतर, आधी टीव्ही नीट लावा. निम्म्या वेळा 'संथ आहे', 'काही ऐकू येत नाही', 'अंधारच अंधार' या तक्रारी चित्रपटाच्या नसतातच, सेटिंगच्या असतात.

१. चित्रपट सेकंदाला २४ चौकटी या वेगाने चित्रित झालेला असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या डोक्याने भरतो आणि सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसायला लागतं. ते बंद करा. सोनीत 'मोशनफ्लो', एलजीत 'ट्रूमोशन', सॅमसंगमध्ये 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी' अशा नावाखाली सापडेल. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो निवडला की हे आपोआप बंद होतं.

२. पिक्चर मोड 'व्हिव्हिड' नको, 'सिनेमा' किंवा 'मूव्ही'. पहिली दहा मिनिटं पिवळट वाटेल, मग डोळा सरावतो.

३. खोलीतल्या उजेडाप्रमाणे चमक कमी करणारा सेन्सर किंवा इको मोड बंद. दिवे घालवल्यावर टीव्ही स्वतःही अंधारतो तो याच्यामुळे. भयपट बघताना तर हे नक्की तपासा.

४. ट्यूबलाइट समोर नको, टीव्हीच्या मागे एखादा मंद दिवा ठेवा. वयस्कर डोळ्यांना पूर्ण अंधारात पडदा टोचतो.

५. आवाज. साउंडबार नाही म्हणताय, म्हणजे टीव्हीचे स्पीकर बहुतेक खाली किंवा मागे तोंड करून असणार. अ‍ॅपमध्ये ऑडिओला ५.१ आणि स्टीरिओ असे दोन पर्याय दिसले तर स्टीरिओ घ्या. ५.१ मध्ये संवाद मधल्या स्पीकरसाठी वेगळे ठेवलेले असतात. दोनच स्पीकर असले की ते पार्श्वसंगीताखाली दबतात, मग संवादासाठी आवाज वाढवायचा आणि स्फोटाला दचकून कमी करायचा, हा खेळ रात्रभर. टीव्हीत 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'डायलॉग' असं काही असेल तर ते चालू करा.

६. बसायचं अंतर: टीव्हीच्या कर्णाच्या साधारण १.६ पट. तुमचा ४३ इंच, म्हणजे ६९ इंच, सुमारे पावणेसहा फूट. आपल्याकडे सोफा दहा फुटांवर भिंतीला चिकटवलेला असतो आणि मग सबटायटल दिसत नाहीत म्हणून टीव्हीला दोष. सासऱ्यांची खुर्ची पुढे ओढा. सबटायटलचा आकार 'मोठा', रंग पिवळा, मागे काळी सावली. हे एकदाच करावं लागतं.

आणि पडद्याच्या बाजूला काळ्या पट्ट्या आल्या तर झूम करून भरू नका. विम वेंडर्सचा 'परफेक्ट डेज' (२०२३) मुद्दाम जवळजवळ चौकोनी चौकटीत आहे. झूम केलात तर वरची झाडं आणि खालची सबटायटल दोन्ही कापली जातील.

दुपारचा_चहा

@आवाजबंद, खुर्ची पुढे ओढली, मोशनचं बंद केलं. 'आता बातम्यापण सिनेमासारख्या दिसतात' असा अभिप्राय आलाय. कोर्टकचेरीला 'एक रुका हुआ फैसला' नक्की. रहस्य आणि विनोद?

तिसरी_घंटा

रहस्य आणि विनोद एकत्र हवं तर परेश मोकाशींचा 'वाळवी' (२०२३). साधारण पावणेदोन तास. स्वप्नील जोशी, अनिता दाते, शिवानी सुर्वे, सुबोध भावे. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. नवरा आणि त्याची प्रेयसी मिळून बायकोचा काटा काढायचा बेत करतात, तो आत्महत्येसारखा दिसावा असा. आणि मग एकेक गोष्ट हाताबाहेर जाते. यापुढे एक शब्द सांगणार नाही.

दोन सूचना. पहिली पंधरा मिनिटं कुणीही मोबाइल बघायचा नाही. सुरुवातीला जे अगदी किरकोळ वाटतं त्याचा हिशेब पुढे चुकता होतो. दुसरी, विषय खून-आत्महत्या आणि नैराश्याचा आहे, त्यावर काळा विनोद आहे. घरात कुणाला हा विषय जवळचा असेल तर हा वगळा. नववीतल्या मुलाला चालेल, पण तो एकट्याने बघण्यापेक्षा तुमच्याबरोबर बघणं बरं.

निव्वळ निर्मळ विनोद हवा असेल तर मोकाशींचाच 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९). दीड तासाच्या आसपास. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची दादासाहेब फाळक्यांनी केलेली खटपट. घरातलं सामान विकून लंडनला जाणं, वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट करून टिपणं, तारामतीच्या कामाला बाई मिळत नाही म्हणून पुरुष उभा करणं. नंदू माधव फाळके झालेत आणि चालतात सुद्धा मूकपटातल्यासारखे, जरा जास्तच भराभर. काहींना हा हलकेपणा खटकतो, म्हणतात फाळक्यांच्या हालअपेष्टा पुरेशा दिसत नाहीत. मला वाटतं रडकं चरित्र न करणं हीच त्यातली अक्कल आहे.

यंदा दहावीच्या उंबरठ्यावर मुलगा आहे म्हणून अजून एक: 'आता थांबायचं नाय' (२०२५). मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, खऱ्या घटनेवर आहे. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव. उत्तरार्धात पार्श्वसंगीत जरा जास्त मदतीला येतं, पण सासूबाई शंभर टक्के खूश.

मूग_गिळून

दहावीच्या आधी दहावीवरचा सिनेमा म्हणजे मुलाला संशय येणार. 'काहीही' मध्ये टाका, हळूच.

कोकणकडा

भयाचं मी सांगतो. इथे लगेच चारजण 'तुंबाड' (२०१८) लिहायला येतील, म्हणून आधीच: तुंबाडला 'ए' प्रमाणपत्र आहे. नववीतला मुलगा आणि सासू-सासरे एकत्र, तर नको. नुसत्या भीतीचा प्रश्न नाही, तुमची पाणी आणायची अट मोडते.

तुम्ही दोघं वेगळे बघणार असाल तर जरूर बघा. १९१८, १९३३ आणि १९४७ असे तीन भाग, आणि प्रत्येक भागात लोभ एक पायरी खाली उतरतो. पाऊस खरा आहे, अनेक पावसाळे थांबून चित्रित केलाय, म्हणून ती ओल टीव्हीतूनही जाणवते. राही बर्वे यांचा हा पहिलाच चित्रपट. २०२४ मध्ये पुन्हा थिएटरात लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी झाली. दोष विचाराल तर मधल्या भागात नायक विनायकाच्या वाड्यावरच्या फेऱ्या थोड्या पुनरुक्त वाटतात. आणि हा फोनवर बघूच नका. नव्वद टक्के अंधार आहे, डेटा वाचवायच्या सेटिंगवर त्या अंधाराचे चौकोनी ठोकळे होतात. एचडीसाठी तासाला ३ जीबीपर्यंत डेटा धरून चाला.

पाचजणांसाठी पर्याय 'जारण' (२०२५). अमृता सुभाष आणि अनिता दाते. करणी-जारण मानणं आणि मनाचा आजार यांच्या सीमेवर चालतो, त्यामुळे संपल्यावर 'खरं काय होतं' यावर घरात दोन तट पडतात. अंगावर येणारे प्रसंग आहेत, लाजवणारे नाहीत. सासूबाई देवभोळ्या असतील तर रविवारी सकाळी दृष्ट काढायला लागेल, एवढी तयारी ठेवा.

मल्याळम 'भ्रमयुगम' (२०२४) हाही भयपटच. पूर्ण कृष्णधवल, मामूटी, एक पडका वाडा, तीन-चार पात्रं. मला प्रचंड आवडला पण सावकाश चालतो. मुलाच्या जांभईचं बघा.

शेवटची_रांग

+१ तुंबाडबद्दल. याच कारणासाठी दुसरा एक चित्रपट यादीत येण्याआधी थांबवते: पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' (२०२४). कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री मिळाला, म्हणून सगळे सुचवतात. मुंबईतल्या दोन मल्याळी नर्सेस आणि त्यांच्याच रुग्णालयात स्वयंपाकघरात काम करणारी, रत्नागिरीकडची पार्वती (छाया कदम). पार्वतीचं राहतं घर बिल्डर काढून घेतोय आणि कागद तिच्या नावावर नाही. गिरणगावातल्या कुठल्याही घरात ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. उत्तरार्ध कोकणात. अतिशय सुंदर, पण त्यात उघड शृंगारदृश्य आहे आणि भाषा मल्याळम-हिंदी-मराठी अशी मिसळ. तुम्ही दोघं बघा, सगळ्यांबरोबर नको.

दुपारचा_चहा

हे असं स्पष्ट सांगणारंच कुणीतरी हवं होतं. एक प्रश्न: प्रमाणपत्र बघून हे आधी कळत नाही का? यूए म्हणजे नक्की काय समजायचं?

रीळवाला

यूए म्हणजे मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायचा. २०२४ च्या अखेरीपासून सेन्सॉरच्या यूएचे तीन भाग झालेत: यूए ७+, यूए १३+, यूए १६+. त्यामुळे नव्या चित्रपटांचं बऱ्यापैकी कळतं. जुन्यांवर नुसतं 'यूए' असेल, आणि त्यात परीकथेपासून रक्तपातापर्यंत काहीही निघू शकतं.

दुसरी गोम: ओटीटीवरचं वय त्या त्या मंचाने स्वतः ठरवलेलं असतं, २०२१ च्या नियमांप्रमाणे. थिएटरातलं प्रमाणपत्र आणि ते जुळेलच असं नाही. कधी थिएटरात कापलेला भाग तिथे परत जोडलेला असतो. म्हणून वयाच्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात 'हिंसा', 'लैंगिक आशय', 'भाषा' असं लिहिलेलं असतं ते वाचा. तुमच्या कामाची ओळ ती आहे, आकडा नाही.

फ्रीमाँटकर

अ‍ॅनिमेशनला 'फ्लो' (२०२४). लॅटव्हियाचा गिंट्स झिल्बालोडिस दिग्दर्शक, दीड तासाच्या आत, आणि एकही संवाद नाही. सबटायटलचा प्रश्नच मिटला. पूर येतो, एक मांजर, एक कॅपिबारा, एक लेमूर, एक कुत्रा आणि एक सेक्रेटरी पक्षी एका होडीत. प्राणी माणसासारखे बोलत नाहीत, मांजर मांजरासारखंच वागतं. अ‍ॅनिमेशनचं ऑस्कर मिळालं, आणि सगळा चित्रपट ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केलाय. मुलाला हे सांगा, दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर डाउनलोड झालेलं असेल.

काय खटकतं: मांजराच्या अंगावरचे केस सुटे-सुटे दिसत नाहीत, रंगाचे फटकारे दिसतात. मोठ्या स्टुडिओंचं चकचकीत काम बघितलेल्यांना सुरुवातीला अर्धवट वाटतं, दहा मिनिटांत विसरायला होतं. सहा वर्षांखालचं मूल असेल तर मांजर वारंवार बुडता बुडता वाचतं ते झेपत नाही. तुमच्याकडे तो प्रश्न नाही. नावं सरकून संपेपर्यंत बंद करू नका, अगदी शेवटी एक छोटं दृश्य आहे.

'काहीही'साठी माजिद मजिदींचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७), इराणी, ८९ मिनिटं. भावाच्या हातून बहिणीचे बूट हरवतात. घरी सांगायची सोय नाही, म्हणून एकच जोड दोघांत. ती सकाळच्या शाळेतून धावत येते, हा बूट चढवून दुपारच्या शाळेला धावतो. संवाद थोडे आणि छोटे, सासऱ्यांचा सबटायटलचा सराव इथून सुरू करा. सासूबाईंना कुणी वाचून दाखवायची गरज पडणार नाही, बूट बघितले की पुरे.

तसं वाचून दाखवणं हा उपाय नाहीच. इंग्रजी सबटायटल एका वेळी दोन ओळी, ओळीला ४२ अक्षरांपर्यंत असतात. त्याचं मनात मराठी करून बोलेपर्यंत पुढची आलेली असते आणि बाकीच्या चौघांना मूळ आवाज ऐकू येत नाही. त्यापेक्षा हिंदी डब शोधा. मात्र डब कुठे चालतं ते बघून. 'मंजुम्मेल बॉइज' (२०२४) मध्ये केरळच्या पोरांपैकी एकजण कोडैकनालच्या गुहेत अडकतो आणि मदत तमिळ माणसांकडे मागायची असते. कुणाला कुणाची भाषा पुरती कळत नाही यातच अर्धा ताण आहे. हिंदीत सगळेच हिंदी बोलतात आणि तो ताण गळतो. तरीही दुसरा तास खिळवून ठेवतो. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी लांब राहावं.

मूग_गिळून

अवांतर: आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून हेच करायचं म्हणताहेत. ओटीटी लावलं तर चालतं का?

रीळवाला

नाही. ते वर्गणीदाराच्या घरगुती, वैयक्तिक वापरासाठी असतं, अटींमध्ये तसं लिहिलेलं असतं. हॉलमध्ये दाखवायचं तर निर्मात्याची किंवा वितरकाची लेखी परवानगी घ्या. तिकीट नसलं तरीही. छोट्या मराठी चित्रपटांचे निर्माते विचारलं तर बऱ्याचदा आनंदाने बोलतात, वेळ असेल तर गप्पांनाही येतात. विचारायला लाजू नका.

तिसरी_घंटा

राजकारण राहिलंच की. जब्बार पटेलांचा 'सिंहासन' (१९७९). अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांवरून. सासऱ्यांना आवडणार हे लिहून देते. मुलाचा गोंधळ उडेल कारण पात्रं पुष्कळ आणि सगळे टोपी-कुडत्यातले. सुरू करण्याआधी चार माणसं कागदावर लिहून द्या: मुख्यमंत्री (अरुण सरनाईक), त्यांची खुर्ची ओढू बघणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (श्रीराम लागू), कामगार पुढारी डिकास्टा (सतीश दुभाषी), आणि हे सगळं बघणारा पत्रकार दिगू टिपणीस (निळू फुले). निळू फुल्यांना फक्त पाटलाच्या भूमिकेत बघितलेल्यांनी दिगू बघावाच.

जुन्या मराठी चित्रपटांच्या प्रती मात्र आधी तपासा. यूट्यूबवर एकाच चित्रपटाच्या तीन-चार प्रती असतात, लांबी वेगवेगळी. कुणी गाणं कापलेलं, कुणी शेवट तोडलेला, कुठे आवाज पुढे आणि ओठ मागे. शुक्रवारीच सुरुवात, मध्य आणि शेवटची पाच मिनिटं असं तीन ठिकाणी बघून ठेवा. सर्वांत लांब प्रत सहसा बरी.

कोकणकडा

सव्वादोन तासांच्या अटीत सिंहासन ओढून-ताणून बसवण्यापेक्षा 'देऊळ' (२०११) घ्या ना. उमेश कुलकर्णी, गिरीश कुलकर्णी, नाना पाटेकर, दिलीप प्रभावळकर. गाय शोधायला गेलेल्या केश्याला उंबराखाली दत्त दिसतो, आणि गावात दवाखाना व्हायचा तिथे देऊळ होतं. राजकारण म्हणजे मंत्रालयच असं नाही, दुकानांचे गाळे कुणाला मिळतात इथपासून ते सुरू होतं. मुलालाही हसू येईल. तुमच्या वेळेच्या काठावर बसतो, म्हणून नऊ म्हणजे नऊलाच लावा.

तिसरी_घंटा

@कोकणकडा, मान्य. देऊळ आधी, सिंहासन सासऱ्यांसाठी रविवारी दुपारी, दोन बैठकांत.

दुपारचा_चहा

संगीताला 'कट्यार काळजात घुसली' (२०१५) घरातूनच सुचवलं गेलंय. ठीक?

आवाजबंद

गाणी ठीक, घड्याळ नाही. अडीच तासांच्या वर जातो. शिवाय घराघरांत नाटकाची तुलना सुरू होते: दारव्हेकरांचं १९६७ चं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत, वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब. सासऱ्यांनी ते ऐकलेलं असेल तर चित्रपटभर तेच बोलणार. शंकर महादेवनचा आवाज आणि सचिन पिळगावकरांचे खाँसाहेब मात्र उत्तम जमलेत. गोष्टीत सगळं ठळक आहे, चांगला-वाईट, हार-जीत. त्यामुळे पाचही जणांना पोचतो.

याच्या नेमका उलटा ताम्हाणेचा 'द डिसायपल' (२०२०), सव्वादोन तासांच्या आत. शरद नेरुळकर रोज रियाज करतो, गुरूंची सेवा करतो, आणि तरी पहिल्या दर्जाचा गायक होत नाही. चमत्कार होत नाही. व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळाला. नायक आदित्य मोडक खरोखर गातात, गुरुजी झालेले अरुण द्रविड स्वतः गायक आहेत, त्यामुळे तानपुरा धरण्यापासून कुठे काही खोटं वाटत नाही. गुरुजींच्या गुरू माई, त्यांचा आवाज सुमित्रा भाव्यांचा. रात्री रिकाम्या रस्त्यावर बाइक संथ गतीत चाललीये, खाली तानपुरा आणि माईंचे शब्द, असं मधून मधून येतं. टीव्हीच्या स्पीकरवर तो तानपुरा फ्रिजच्या घरघरीसारखा ऐकू येतो. हेडफोन किंवा निदान एखादा बरा ब्लूटूथ स्पीकर जोडा. ब्लूटूथवर ओठ आणि आवाज मागेपुढे झाले तर टीव्हीत 'ए-व्ही सिंक' किंवा 'ऑडिओ डिले' मिळेल, तिथे जुळवा.

नववीतला मुलगा? पहिल्या बाइकलाच झोपेल. शिवाय नायकाच्या एकटेपणाची एक-दोन दृश्यं सासूबाईंसमोर अवघड जातील. तेव्हा कट्यार, पण साडेआठला सुरू करून.

शेवटची_रांग

क्रमाकडेही लक्ष द्या. पहिल्या शनिवारी हलका आणि छोटा लावा, 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' किंवा 'फ्लो'. पहिलाच जड गेला तर दुसऱ्या शनिवारी सोफ्यावर तुम्ही दोघंच असाल. भयपटानंतरच्या आठवड्यात विनोद. इराणी चित्रपट तिसरा-चौथा, तोवर खुर्ची पुढे ओढायची सवय झालेली असते. आणि कुठला चित्रपट कुठे आहे ते आज बघून उपयोग नाही, हक्क बदलत राहतात. गुरुवारी शोधा, भाड्याने घ्यायचा असेल तर शनिवारीच घ्या. बहुतेक ठिकाणी एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवावा लागतो.

दुपारचा_चहा

ठरलं: १. हरिश्चंद्राची फॅक्टरी, २. एक रुका हुआ फैसला, ३. फ्लो, ४. चिल्ड्रन ऑफ हेवन, ५. वाळवी, ६. जारण, ७. देऊळ, ८. कट्यार (साडेआठ). मुलाने यादी बघून विचारलं, 'आणि माझा कुठला?'

फ्रीमाँटकर

रास्त आहे. ७ आणि ८ च्या मध्ये एक रविवार काढा आणि 'गॉडझिला मायनस वन' (२०२३) लावा. दोन तास पाच मिनिटं. युद्धानंतरचा टोकियो, पळून आलेला वैमानिक, कुणी टाकून दिलेली लहान मुलगी, आणि गॉडझिला. स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं आणि ते काम केलं साधारण ३५ जणांनी. तो गॉडझिलासाठी बसेल, आजोबा युद्धातून परतलेल्या माणसांसाठी. सासूबाईंना ती छोटी मुलगी पुरेल.

आवाजबंद

त्या दिवशी 'क्लिअर व्हॉइस' बंद करा आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.